पडद्यावरचा हात

"पडद्याला सांगितलंय का?"

तुम्ही काहीही बोला, सरांचं उत्तर हेच. चष्मा कपाळावर, हातात माप घ्यायचा उघडा व्हर्नियर, आणि नजर तुमच्या तोंडाकडे नाही, तुमच्या एखाद्या अवयवाकडे. मी एकदा म्हणालो, "सर, आज ऊन लई हाय." तर म्हणाले, "पडद्याला सांगितलंय का?"

माझ्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत. उरलेली दोन कुठं गेली याच्या मी आजवर अकरा गोष्टी सांगितल्यात. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेतल्या बिबट्याची सगळ्यांत चालते. लहान पोरांना मगर आवडते. ही बारावी. हिच्यात जनावर नाही, त्यामुळं हिला गिऱ्हाईक नाही.

सर बार्शीहून एसटीनं यायचे. सोलापूरच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना, पंपांची बिडाची झाकणं करणारा. मशीन मी चालवायचो. मशीननं कुठून कसं कापायचं, ते सर कॉम्प्युटरवर ठरवायचे. तयार झाकण कसं दिसेल, कच्चा ठोकळा केवढा, त्याला आवळणारे क्लॅम्प कुठं, हे सगळं आधी पडद्यावर काढायचं. मग पडद्यावरच कटर खोटाखोटा फिरतो. कुठं धडकला तर लाल दिसतं, नाहीतर सगळं हिरवं.

बाकीचे लोक झाकण काढून मोकळे होतात. सर क्लॅम्पही काढायचे, क्लॅम्पचा बोल्टही, बोल्टाखालचा वायसरही. डाळिंब दिलं तर मोजून खायचे. स्वतःच्या लग्नात त्यांनी अंतरपाट मोजला होता असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

"यंत्र आंधळं असतं," ते सांगायचे. "पडद्याला सांगितलं तेवढंच जगात आहे, असं ते धरून चालतं."

सर येण्याआधी एकजण पडद्यावर एक क्लॅम्प काढायला विसरला होता. पडद्यावर हिरवं होतं, मशीनवर धडाका झाला. मी सांगतो तेव्हा त्या क्लॅम्पचा तुकडा पत्रा फोडून होटगी जंक्शनात पडतो आणि मालगाडी अडते. खरं म्हणजे तो माझ्या जेवणाच्या डब्यातून आरपार गेला. तो डबा मी जपून ठेवला होता. सरांनी पहिल्याच दिवशी त्या भोकात बोट घालून पाहिलं.

"डबा होता कुठं?"

"मांडीवर, सर."

ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.

झाकण अर्धं कापून झालं की मशीन थांबायचं. तेव्हा दार उघडून ब्रशनं बिडाचा चुरा झाडायचा, दार लावायचं, मग बटण दाबायचं, हा नियम. दार उघडं असलं तर मशीन चालूच होत नाही. पण आम्ही दाराच्या स्विचवर चुंबक चिकटवला होता, म्हणजे दार कायम बंदच आहे असं मशीनला वाटायचं. सरांनी तो दोनदा काढून खिशात घातला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी नवा लागला. एक मी लावला, एक मालकांनी.

माझी तर तऱ्हाच वेगळी. डावा हात ब्रशसकट आत, उजवा बाहेर बटणावर. शेवटचा झटका आणि बटण एकदमच. वारा माझ्याकडं शिकवणीला यायचा, एवढा मी चपळ.

सर तीन दिवस लांबून बघत राहिले. चौथ्या दिवशी आले.

"हात दे."

"स्थळ आणलंय काय, सर?"

त्यांनी पंजाची रुंदी मोजली, मनगट मोजलं, एकेक बोट मोजलं. व्हर्नियरचं पोलाद गार होतं. प्रत्येक बोटाला दोन्हीकडून लागायचं आणि सुटायचं.

"ही सवय सुटेल तुझी?"

"सवय? कला हाय ती."

"मग मापच घेतो."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर झाकणाशेजारी एक करडा ठोकळा होता.

"हे काय, सर?"

"तू."

त्यांनी कटर फिरवला. ठोकळा लाल झाला. मग त्यांनी कटरची वाट बदलली. मशीन पुन्हा चालू झालं की कटर आधी सरळ वर जाणार, वळसा घेणार, मग खाली. झाकणामागं चार सेकंद जास्त.

मालकांनी विचारलं, "हे चार सेकंद कशाचे?"

"त्याच्या हाताचे."

मालक हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. "ठोकळा काढा की, सर. माझा हात काय तितं बिऱ्हाड करून ऱ्हायलाय?"

"काढाच," मालक म्हणाले.

सरांनी व्हर्नियर पुसून पेटीत ठेवला. "मी नाही काढणार. ज्याला काढायचाय त्यानं काढावा." दुसऱ्या दिवशी बार्शीची एसटी आली, सर आले नाहीत.

त्यांच्या जागी एक मॅडम आल्या. हुशार बाई. त्यांनी मला विचारलं, "हा ठोकळा कसला? ड्रॉइंगमध्ये तर नाही."

"जुन्या सरांचं खूळ हाय, मॅडम. पुसा."

त्यांनी पुसला. कटरला जवळची वाट दिली. पडदा हिरवागार झाला.

चौथा दिवस. सकाळचे अकरा, चहा आलेला. मी शेवटचा झटका मारला आणि बटण दाबलं.

मशीनची काही चूक नव्हती. त्याला सांगितलेल्या जगात माझा हात नव्हताच.

तिसऱ्या दिवशी सर दवाखान्यात आले. स्टुलावर बसले. मी म्हणालो, "बिबट्या होता, सर." ही पहिली गोष्ट, तिथंच सुचलेली. सर हसले नाहीत. पेटीतून व्हर्नियर काढला, माझ्या पट्टीजवळ नेला आणि तसाच मिटला.

"पट्टी सुटली की मोजू."

सुटली तेव्हा ते कारखान्यात आले. मालक खुर्चीवरून उठून बाजूला झाले. सरांनी माझा हात मोजला, तासभर कॉम्प्युटरपुढं बसले आणि दुपारच्या एसटीनं गेले. परत आले नाहीत. त्यांचा फोनही आता लागत नाही.

दाराच्या स्विचवर दोन महिने चुंबक नव्हता. परवा पुन्हा दिसला. मी लावलेला नाही.

झाकण लावण्याआधी मी रोज पडदा बघून घेतो. ठोकळा आहे. त्याला आता एका बाजूनं खाच आहे, दोन बोटांएवढी. कटर तिथून सहज जाऊ शकतो, लालही होणार नाही. तरी तो खाचेत शिरत नाही. वर उचलला जातो, वळसा घेतो, मग खाली येतो. चार सेकंद.