रक्त पातळ नको म्हणणारे भाऊजी

आमच्या भाऊजींना, म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाला, रिटायर झाल्यापासून सगळं कळतं. आधी कांद्याचे भाव कळायचे, मग वास्तुशास्त्र कळायला लागलं, आणि माझी सून दवाखान्यात पडली तेव्हा डॉक्टरकी. माणूस वाईट नाही हो. पण अकलेचा डबा रिकामा नि झाकण मात्र घट्ट.

सुनेला साधा ताप आला होता. पाचव्या दिवशी फुप्फुसं अशी भरली की व्हेंटिलेटरही पुरेना. मग इथंच, नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात, तिला एकमो नावाच्या मशीनवर घेतलं. म्हणजे काय, तर मांडीतून बोटाएवढ्या नळीनं रक्त बाहेर काढायचं, मशीननं त्यात प्राणवायू घालायचा आणि मानेतून परत आत सोडायचं. पोरीचं फुप्फुस कॉटच्या बाजूला उभं होतं म्हणा ना.

मला रोज पाच मिनिटं आत सोडायचे. सिस्टर बॅटरीचा उजेड नळ्यांवर पाडत काहीतरी बघत असायची. विचारलं, तर म्हणाली, "गुठळी शोधतेय, आजी. काळा ठिपका दिसला की लगेच कळवायचं." त्यासाठीच रक्त पातळ ठेवायचं औषध अखंड चालू. दर काही तासांनी रक्त तपासायचं आणि औषध कमी-जास्त करायचं.

मशीनवरच्या सातव्या दिवशी सुनेच्या नाकातून रक्त आलं. झालं! भाऊजींना तोंड फुटलं.

"रक्त पातळ करकरून मारतायत तिला! आमच्या ग्रुपवर कधीचं आलंय हे. लिहून दे रे, औषध बंद करा, जबाबदारी आमची."

जबाबदारी आमची, आणि सही माझ्या लेकाची. बघा माणूस! लेक चार दिवस झोपला नव्हता. त्यानं खरंच कागद-पेन काढलं.

मी म्हटलं, "भाऊजी, जत्रेला बोकड पडतो तेव्हा रक्ती दोनदा कोण मागून घेतं?"

"त्याचं इथं काय, वहिनी?"

"पातेल्यात धरलेलं रक्त मसाला वाटून होईस्तोवर थिजतं. वड्या पाडाव्यात असं. जन्मभर खाल्लीत, कशी थिजते ते कधी विचारलं नाय? हिचं तर सगळं रक्त प्लास्टिकमधून फिरतंय. औषध बंद केलं नि त्यातली एक वडी मेंदूत गेली, तर तुमचा ग्रुप येणार का काढायला?"

"शी! दवाखान्यात काय बोलता!"

शिसारी आली म्हणे. ताट चाटताना नव्हती आली.

लेकाला म्हटलं, सही करू नको, आधी विचार. डॉक्टर आले. बिचारे शांत. म्हणाले, "बंद नाही करता येणार. थोडं कमी करतो, नाकात बोळा घालतो. जास्त पातळ झालं तर डोक्यात रक्तस्राव, कमी पडलं तर गुठळी. या दोन्हींच्या मधून न्यायचंय तिला." लेकानं कागद चुरगाळून खिशात घातला.

पुढचे नऊ दिवस आत गेले की मी आधी तिच्या नाकातला बोळा बघायची, खोटं कशाला बोलू? डोक्यात रक्तस्राव झाला असता तर मीच बोलले होते की, सही नको म्हणून. भाऊजींना कसली काळजी? ते घरी जाऊन दुपारची झोप काढत होते.

मशीन निघालं. आठवड्यानं पोर वॉर्डात उशीला टेकून बसली. भाऊजी सफरचंदं घेऊन हजर. पलंगाला खेटून उभे, आणि शेजारच्या पेशंटच्या माणसांना सांगतायत, "औषध कमी करायला मीच लावलं. डॉक्टरला म्हटलं, आमची पोर आहे ती!"

मी तोंड उघडणार, एवढ्यात सुनेनं हात हलवला. व्हेंटिलेटरच्या नळीनं घसा पार बसला होता तिचा. भाऊजी कौतुकानं वाकले. "बोल बाळा, काय हवंय?"

"काका, जरा बाजूला व्हा. वारं अडतंय."

सरकले. बोटभर.