डावीकडची पानं

त्यानं माझं कार्ड हातात घेतलं नाही. फूटपट्टीनं ओढलं. मेलेलं झुरळ सरकवावं तसं. त्यावर बीड हा शब्द वाचला आणि रुमाल नाकाला लावला.

"मागं हो. अजून मागं."

माझ्यामागं रांग होती. ती आपोआप फुटली.

किल्लारीचा भूकंप होऊन वर्ष झालं होतं. आमच्या जिल्ह्यात प्लेगचे रोगी सापडल्याच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. मी विद्यापीठात, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मीच पहिली. ग्रंथालयात शिरताना मी चप्पल बाहेर काढायचे. कुणी सांगितलं नसताना.

काउंटरवरचा हा कारकून म्हणाला, बीडवाल्यांना आता आत प्रवेश नाही. त्यांच्यासाठी घरबसल्या सेवा सुरू केलीय. फॉर्म भरायचा, पुस्तकाचं नाव लिहायचं, झेरॉक्स पोस्टानं येईल. अडलं तर फोन करायचा. मी फॉर्म भरला. वडिलांचा व्यवसाय, मेंढपाळ. त्यानं तो मोठ्यानं वाचला.

"मेंढरं कधी घरी बसतात का? मग घरबसल्या सेवा कुणाला देऊ?"

सगळे हसले. मीही हसले. वर म्हणाले, "उपकार झाले, सर."

गावी, तलवाड्याला आले. दिवाळीच्या आत लघुप्रबंध द्यायचा होता, नाहीतर वर्ष गेलं. विषय, निजामाच्या काळातली गायरानं. त्यावरचं जुनं सरकारी पुस्तक फक्त त्या ग्रंथालयात. रोज पोस्टापर्यंत जायचे, हात हलवत परत यायचे. घरात बसवत नव्हतं, बाहेर थांबवत नव्हतं. अकराव्या दिवशी पाकीट आलं.

एक्केचाळीस. त्रेचाळीस. पंचेचाळीस.

पुस्तक मशीनवर उघडं ठेवून नुसती उजवीकडची पानं काढली होती. त्रेचाळीसावं पान 'मेंढपाळांस चराईचा हक्क' या शब्दांवर संपत होतं. पुढचं पानच नाही.

गेवराईच्या एसटीडी बूथवरून फोन लावला. तोच होता.

"निम्मं तर निम्मं. एवढं तरी कोण पाठवतं? उपकार समज." फोन ठेवला.

आबा, माझे वडील, मेंढरं घेऊन गोदाकाठी होते. पानं घेऊन तिकडं गेले. आबांनी काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकलं. पानांचं, फोनचं, फूटपट्टीचं. मी हसले, तेही सांगितलं.

"त्यो हसला, त्याचं त्याच्यापाशी. तू कावून हसलीस, बाई?"

मी पानं पाकिटात घातली. आबा कळपाकडं बघत म्हणाले, "आन् हक्काच्या पुढं काय लिवलंय, ते मला पायजे."

दुसऱ्या दिवशी गेवराईच्या सरकारी दवाखान्यातून ताप नसल्याचा दाखला घेतला आणि एसटीत बसले. मैत्रिणीनं आधीच शिकवून ठेवलं होतं, ग्रंथालयाच्या दारावर विचारलं तर जालन्याची सांग. पहारेकऱ्यानं विचारलंच. तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, असं सगळं सांगितलं. तो सावरायच्या आत मी आत. चप्पल घालूनच.

काउंटरवर कार्ड ठेवलं. शेजारी दाखला. फूटपट्टी पुढं आली. मी तिचं दुसरं टोक धरलं.

"हातात घ्या."

"सोड."

"कार्ड हातात घ्या. आणि पुस्तक द्या. मी इथंच बसून वाचणार आहे."

तो घेत नव्हता, मी सोडत नव्हते. वाचणाऱ्यांच्या माना वर झाल्या. शेवटी त्यानं फूटपट्टी सोडून दिली. कार्डाला हात लावलाच नाही. पुस्तक आणून आपटलं.

चव्वेचाळीसावं पान. चराईचा हक्क मेंढपाळांना नाही, असं लिहिलं होतं. मेंढरं चरू दिली जातात, ती सरकारची मेहेरबानी.

मेहेरबानी. फोनवर ऐकलेला 'उपकार'च, जुन्या भाषेत.

मी ते वाक्य वहीत उतरवलं. फूटपट्टी अजून माझ्याच हातात होती. तिनंच त्याखाली रेघ मारली.

ज्यांनी मला शिकवलं त्यांचे आभार मी रोज मानते. पण जे माझं आहे, त्याला आता उपकार म्हणणार नाही. माझ्यावर कुणी हसलं, तर त्याच्यासोबत हसणार नाही.

गोदाकाठी गेल्यावर आबांना काय सांगायचं, ते तिथंच ठरलं. हक्काच्या पुढं 'न्हाई' लिवलंय, आबा. त्याच्या पुढचं मी लिहिणार.