शेवटच्या कडव्यातली छाप

नागनाथ गुरुजी सेलूच्या शाळेत चित्रकला शिकवायला आले आणि बाकीच्या मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वर्गात चित्रं कमी आणि दणदणाटच जास्त! तेलाचे रिकामे डबे बडवत पोरं पाढे गायची. गाणी गुरुजींची, चाली त्यांच्या, नाटकं त्यांची, वर पडदेही तेच रंगवणार. एका कलेवर समाधान मानेल तो नागनाथ कसला! विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात वस्तीनं गायलेली निम्मी गाणी त्यांचीच होती.

ढोलकीवर चंद्रभान. तो जिनिंगमध्ये फिटर, केसांत कायम कापसाचे तंतू. दोघं एका खोलीत राहायचे, एका ताटात जेवायचे. लग्नाचं विचारून नातेवाईक थकले. वस्तीला सगळं कळत होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं आणि गुरुजींना भान राहिलं नाही. जिनिंगच्या यंत्राच्या खडखडाटाचा ठेका उचलला, त्यावर जात्यावरच्या ओवीची चाल बसवली. गाणं असं उसळलं की मागं गाणाऱ्या वस्तीतल्या बायकांना तालमीत स्वस्थ उभं राहवेना! नामांतराच्या आनंदसभेच्या आदल्या दिवशी गुरुजींनी शेवटचं कडवं सांगितलं. तिथं रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत, त्यालाच छाप म्हणतात. गुरुजी जरा दबक्या आवाजात गायले, "नागनाथ-चंद्रभान म्हणे, सोनियाचा दिस आला..."

ढोलकी थांबली.

"छापीत रचणाऱ्याचं नाव येतं, न्हाई तर त्याच्या वस्तादाचं," बायकांची पुढारीण सगुणाबाई म्हणाली. "चंद्रभानदादा तुमचे वस्ताद हायत व्हय, गुरुजी?"

सुटायला किती सोपी वाट! नुसतं हो म्हणायचं. खरं सांगावं आणि बायका उठून गेल्या, तर उद्याचं गाणं बुडालं, वस्तीत तोंड दाखवायची सोय नाही. पण एका नावासाठी इतकी वर्षं लाठ्या खाल्लेला माणूस हे दुसरं नाव कसं गिळणार?

"वस्ताद न्हाईत," ते म्हणाले. "माझं माणूस हाय. तुमाला तुमचे मालक, तसे मला हे."

पंचफुला पदराआड खुसखुसली. सगुणाबाईनं तिच्याकडं डोळे वटारले आणि मग मोर्चा गुरुजींकडं वळवला.

"मग असं पुटपुटायलाय काय? आमी नाव घेतो तवा साऱ्या मांडवाला ऐकू जातं! घ्या मोठ्यानं!"

दुसऱ्या दिवशी मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. बायकांनी छाप अशी खणखणीत घेतली की पब्लिकनं वन्समोर दिला. सगुणाबाईनं पुन्हा उचलली, पुन्हा टाळ्या! तिसऱ्या खेपेला बायकांच्या गळ्यांत एक भरड गळा मिसळला. गुरुजी वळले. चारचौघांत त्यांना कायम गुरुजीच म्हणत आलेला चंद्रभान मान वर करून, सगळ्या गावासमोर, "नागनाथ" म्हणून गात होता.

गुरुजी पुढची ओळ साफ विसरले. बायकांनी ती पुरी केली.