मूठभर गाळ

आमच्या विहिरीचा एकच कायदा होता. बुडी मारून तळाशी जायचं आणि मूठभर गाळ घेऊनच वर यायचं. रिकाम्या हाताने वर येणाऱ्याची आठवडाभर टर उडायची. कडेगावजवळच्या मळ्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला याच कायद्याने पोहायला शिकवलं. कान दुखला की तेलात भिजवलेला कापसाचा बोळा कानात घालायचा आणि परत पाण्यात उतरायचं. रडायचं नाही.

पन्नाशी उलटल्यावर मी तारकर्लीला स्कूबा शिकायला गेले, तेव्हा तो कायदा सोबत नेला. बोळाही नेला. शिकवणाऱ्या बाईंनी नीट बजावलं होतं. खाली जाताना पहिल्यापासून, कान दुखायच्या आधीच, नाक दाबून हलकेच हवा कानाकडे ढकलायची. दुखलं तर थोडं वर यायचं. कानात काहीही घालायचं नाही. मी मान डोलावली आणि केसांआड कानातला बोळा तसाच राहू दिला. समुद्रात दोन पुरुष, म्हणजे दहा-बारा फूट, खोल गेले असेन, तोच कानात दाभण खुपसल्यासारखं झालं. शहाण्या माणसाने वर यायला हवं होतं. मी तळाच्या वाळूकडे हात लांबवला. बाईंनी दंड धरून मला सावकाश वर आणलं, तेव्हा मूठ रिकामीच होती.

सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांनी पडदा सुजलाय म्हणून सांगितलं. बोळ्याची गोष्ट ऐकून त्यांनी मला कोपरापासून हात जोडले. कान बरा होईपर्यंत पाणी बंद. घरच्यांनी मात्र ते कायमचं बंद करून टाकलं. नवरा म्हणाला, "आता बास." लेक म्हणाली, "आई, हे काय वय आहे का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गुडघे दुखतात म्हणून खुरपं घेऊन उसाची भांगलण करू नको असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. माझं दुखणं यांना पाण्यातच कसं दिसतं?

डॉक्टरांनी कान तपासून पाण्यात उतरायची परवानगी दिली, त्याच आठवड्यात मी मास्क घेऊन माहेरी गेले. सराव करायचा तर आमच्याच विहिरीत. ऐंशीला टेकलेले आबा काठी टेकत आले आणि वरच्या पायरीवर बसले. मी नाक धरत खाली गेले. अर्ध्यावर कानावर दाब आला, हवा जाईना. वळले आणि वर आले.

"मूठ दाव," आबा म्हणाले.

मी रिकामा हात वर केला. "कान दुखला, म्हणून परत आले. आबा, तुमचा कायदा चुकीचा हाय. गाळासाठी मी कान घालवायची न्हाई. आन पाणीबी सोडायची न्हाई."

आता टर उडणार म्हणून मी भांडणाच्या तयारीतच होते. आबांनी काठी बाजूला ठेवली. तरुणपणी लष्कराच्या भरतीत छाती कमी भरली म्हणून आबा परत आले, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तेच हसत हसत सांगायचे.

"छाती कमी न्हवती भरली," ते म्हणाले. "डावा कान. ह्याच पाण्यात फुटला. मूठ मातूर भरून आणलीवती."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. "मग आमालाबी त्येच का शिकवलंसा?"

आबा पुढे वाकून म्हणाले, "नाक कसं धरायचं म्हणालीस?"

मी दाखवलं. चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं, हळूच फुंकायचं, जोर करायचा नाही. मग परत पाण्यात शिरले. कानावर दाब आला की वर यायचं, दम घ्यायचा, परत जायचं. पाचव्या बुडीला तळ हाताला लागला. गाळ तिथंच ठेवला. वर आले तेव्हा आबा पायरीवर नाक धरून बसले होते.