व्याह्यांचं आडनाव

माझ्या व्याह्यांच्या आडनावाची जेवढी माणसं आज या देशात उरली आहेत, तेवढी सगळी माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसवली तरी खुर्च्या रिकाम्या राहतील. आणि टेबल काही मोठं नाही बरं का, नॉटिंगहॅमच्या भिंतीला भिंत लागलेल्या टेरेस घरात मावतं तेवढंच. आडनाव मी इथे लिहिणार नाही. उगाच गूढ वाटावं म्हणून नव्हे. लिहिलं तर कोणीही फोनवर बोट फिरवून त्यांच्या दाराशी जाऊन उभं राहील, इतकं ते दुर्मीळ आहे. आपल्याकडे जाधव म्हणून कोणाला शोधायला निघालात तर जन्म जाईल. इथे एक चहा पिऊन होईपर्यंत काम होतं.

माझ्या लेकीने इंग्रज मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. मुलाची आई आधीच गेलेली. वडील मोजे विणायच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचे, आता रिटायर झालेले. हा एकुलता एक मुलगा. चहा झाला, बिस्किटं झाली, आणि आता काय बोलावं ते कोणालाच सुचेना. मग मी आपलं जे आपण विचारतो तेच विचारलं, की तुमचं मूळ गाव कोणतं?

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणाचा पगारच विचारला. तिचंही खरं आहे. या देशात तो प्रश्न आम्हाला विचारतात, आम्ही त्यांना नाही विचारत. पण म्हाताऱ्याचा चेहरा असा काही उजळला म्हणता! उठले आणि आतून कागदाची मोठी गुंडाळी घेऊन आले. जावई, म्हणजे तेव्हा व्हायचा होता, कपाळाला हात लावून म्हणाला, "आता तुमची सुटका नाही."

तो नकाशा होता. लिंकनशायर, डर्बीशायर हे परगणे आणि त्यांच्यामध्ये आमचं नॉटिंगहॅम. त्यावर त्यांनी पेन्सिलीने छटा काढल्या होत्या. जिथे त्यांच्या आडनावाची घरं जास्त, तिथे गडद. जिथे एखाद-दुसरं, तिथे फिकट. जुन्या खानेसुमाऱ्या, चर्चची दफ्तरं, दगडावरची नावं वाचत वाचत आयुष्यभर त्यांनी ते भरलं होतं. आणि एखादं घर संपलं, म्हणजे शेवटचं माणूस गेलं, किंवा मुलीच मुली होऊन त्या लग्न करून गेल्या, की ते खोडरबर घेऊन तेवढा भाग पुसायचे. मी पाहिला तेव्हा बहुतेक नकाशा पुसलेल्या कागदासारखा मळकट पांढरा झाला होता. ग्रिम्सबीला एक ठिपका, तिथे त्यांची अविवाहित चुलतबहीण. आणि नॉटिंगहॅमवर हा एवढा काळा डाग. ते दोघं बापलेक.

आडनाव एका गावाचं होतं. गाव आता नाही. पूर्वी कधीतरी तिथल्या जमीनदाराला माणसांपेक्षा मेंढ्या परवडायला लागल्या, म्हणून त्याने लोकांना उठवलं आणि घरं पाडली. ती माणसं आजूबाजूच्या गावांत गेली. तिथले लोक विचारत, हा कोण? तर तो त्या अमक्या गावचा. तेच आडनाव होऊन बसलं. मी म्हटलं, अहो, आमचंही तसंच आहे. माझ्या मिस्टरांचं आडनाव कोकणातल्या गावावरूनच. पण गावात असताना कोणी कोणाला त्या नावाने हाक मारत नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे. ते नाव लागतं गाव सोडल्यावर.

त्यांनी नकाशावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, मी इतकी वर्षं शोधतोय, पण हे असं मला कोणी सांगितलं नव्हतं, डक. नॉटिंगहॅमचे जुने लोक सगळ्यांनाच 'डक' म्हणतात. मला पहिल्यांदा राग यायचा, आता कोणी म्हटलं नाही तर चुकल्यासारखं होतं. मी मात्र त्यांना कधी पहिल्या नावाने हाक मारली नाही. ते सांगून थकले. व्याह्यांना नावाने कसं हाक मारायचं हो? मी आपली 'मिस्टर' आणि पुढे आडनाव. चार लोकांत मोठ्याने ते आडनाव उच्चारणारी मी एकटीच, असं जावई म्हणायचा.

त्यांना एकच हवं होतं, हे त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. ते कधी बोलले नाहीत, पण ते नाव आपल्याबरोबर थांबू नये एवढंच त्यांना हवं होतं.

आणि माझी लेक म्हणाली, मी आडनाव बदलणार नाही. इथे जन्मलेली, शिकलेली, फिजिओथेरपिस्ट झालेली मुलगी. तिला भाऊ नाही, तिचे वडील ती कॉलेजात असतानाच गेले. म्हणाली, "मी पण लास्टच आहे ना, आई? बाबांचा आडनाव मग कोण लावणार?" मी म्हटलं, बाई गं, आपल्या आडनावाची माणसं रत्नागिरीपासून लंडनच्या हाउन्सलोपर्यंत सांडली आहेत, तुझ्यावाचून काही अडत नाही. पण ऐकेल तर ना. व्याह्यांना कळलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, बरोबर आहे तिचं. मुलं होतील त्यांची तेव्हा बघू.

लग्न झालं. आता आमच्याकडे लग्नानंतर नवी जोडी कुलदैवताला जाते. आमच्याकडचं तर मी व्हिडिओ कॉलवर उरकलं, पण मुलीने ज्या घरात पाऊल टाकलं त्या घराचं कोण करणार? मी व्याह्यांना विचारलं, तुमचं कुलदैवत कुठे? त्यांना ती कल्पना समजवायला मला अर्धा तास लागला. मग म्हणाले, दैवत नाही, पण जागा आहे.

शनिवारी आम्ही चौघं गाडीने लिंकनशायरला गेलो. मी ओटीचं सगळं घेतलेलं, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मनात असं की काही नाही तरी एखादं देऊळवजा चर्च असेलच. गाडी एका कुंपणाशी थांबली. आत गवताचं मोठं रान आणि त्यात उंचवटे, जसे गादीखाली काही राहिलं की दिसतात तसे. हे घर होतं, हा रस्ता होता, इथे तळं होतं, असं ते चालत चालत दाखवत होते. चर्च नाही, मूर्ती नाही, काही नाही. मी विचारलं, मग ओटी कोणाची भरू? जावई म्हणाला, जमिनीची भरा ना.

मग मी खरंच एका उंचवट्यावर खण पसरला, त्यावर तांदूळ, नारळ, हळदकुंकू. लेकीला नमस्कार करायला लावला. जावयानेही केला, डोकं टेकवून, जीन्स चिखलाने भरली त्याची. आम्ही वळलो असू नसू, तोवर एक मेंढी आली आणि तांदळासकट खण तोंडात धरून चालायला लागली. जावई तिच्या मागे धावला. ती पुढे, हा मागे, आणि तो हिरवा खण निशाणासारखा हलतोय. व्याही इतके हसले की त्यांना गवतात बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, पूर्वी पण असंच झालं होतं, मेंढ्यांनीच खाल्लं होतं आम्हाला.

तो दिवस मी फार वेळा आठवते. जावई परत आला तेव्हा त्याच्या हातात खणाचा एक चोथा झालेला तुकडा होता आणि तो लहान मुलासारखा धापा टाकत होता.

पुढचं मी थोडक्यात सांगते, मला ते लांबवता येत नाही. जावयाला पोटाचा आजार निघाला. कळला तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखं फारसं नव्हतं. मूल व्हायचं राहूनच गेलं होतं. आधी घर, मग नोकरी, मग पुढच्या वर्षी, असं दोघांचं चाललं होतं. पानं गळायला लागली तेव्हा तो गेला. त्याला पुरलं, त्याच्या आईशेजारी. आमच्यात अग्नी देतात, पण मी काही बोलले नाही. तो त्यांचा मुलगा.

त्यानंतर व्याही दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायला लागले. मीच बोलावलं. लेकही यायची. साधं वरण करायचे, त्यांना ते 'यलो सूप' म्हणून आवडायचं. तिघं जेवायचो. नकाशा पुन्हा कधी निघाला नाही आणि मी विचारलं नाही.

अशाच एका रविवारी लेक म्हणाली की तिला काही सांगायचंय. मला आधी मराठीत म्हणाली, "आई, मी त्याचा आडनाव लावणार आहे. आता." मग तेच त्यांना इंग्रजीत सांगितलं. लग्नाचं सर्टिफिकेट आहेच, बँकेला आणि पासपोर्टवाल्यांना दाखवलं की झालं. तिने सगळी चौकशी केली होती.

मी त्यांच्याकडे पाहत होते. पहिल्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. त्या पहिल्या दिवशी गुंडाळी आणायला उठले होते ना, तसा चेहरा. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तो आवरला. चमचा खाली ठेवला.

"नको, डक," ते म्हणाले.

तिला वाटलं ते संकोचाने म्हणतायत. ती समजवायला लागली, की मला करायचंय, तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. तेव्हा त्यांनी सांगितलं की लग्नाआधी त्याने तिला आडनावाचं विचारलं आणि ती नाही म्हणाली, त्या दिवशी तो घरी येऊन किती हसला होता. बापाला म्हणाला होता, डॅड, मला हवी तशीच मिळालीये. "तुझ्या त्या नाहीवर तो खूश होता. आता तुझं हो ऐकायला तो नाहीये."

ती म्हणाली, तुम्ही तर आहात.

"मी आहे, आणि मी म्हातारा आहे. तू तरुण आहेस. कधीतरी कोणी येईल आणि तुला हे उतरवावं लागेल."

"मी नाही उतरवणार."

"त्याचीच मला भीती वाटते," ते म्हणाले.

मला खरं सांगू का? मला त्या क्षणी सुटल्यासारखं झालं. मी विधवा होऊन किती वर्षं झाली, मिस्टरांचं आडनाव लावते, ते माझंच झालंय, त्याचं मला काही दुःख नाही. पण मला कोणी विचारलंही नव्हतं आणि पुढे कोणी येईल असं कोणी म्हटलंही नव्हतं. माझ्या मुलीला हे म्हणणारं माणूस भेटलं. आणि ते कोण, तर ज्याचं सगळं त्या एका 'हो'वर अवलंबून होतं तो. मी भांडी उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले, तर ते माझ्या मागोमाग आले, म्हणाले, मी विसळतो. पाठ माझ्याकडे करून सिंकशी उभे राहिले. एकच वाटी किती वेळ धूत होते. मी फडकं हातात घेऊन नुसती उभी.

लेकीने पासपोर्टवाल्यांना काही लिहिलं नाही. पण मनातून गेलं नव्हतं तिच्या, ते मला दिसत होतं.

इथे थडग्याची माती बसल्यावर नावाचा दगड लावतात, त्यामुळे त्याला महिने जातात. दगडाचं सगळं व्याह्यांनीच पाहिलं. लेकीने एकदा दोनदा विचारलं, तर म्हणाले, मला करू दे. वसंतात एके दिवशी त्यांनी फोन केला की दगड लागला, या.

दफनभूमीत वारा होता. डॅफोडिलची पिवळी फुलं सगळीकडे आडवी झालेली. शेजारी त्याच्या आईचा दगड, म्हणजे व्याह्यांच्या पत्नीचा. त्यावर वरच्या अर्ध्या भागात तिचं नाव आणि खाली सगळं कोरं. इथे नवराबायकोचं असंच करतात. एकाचं नाव कोरायचं आणि दुसऱ्यासाठी खाली जागा सोडायची. स्वतःची ती कोरी जागा ते दर रविवारी पाहत आले होते, माझ्याकडे यायच्या आधी.

मुलाचा दगड लहान होता. आणि त्यावर त्याचं नाव वरून खालपर्यंत कोरलेलं, मोठ्या मोठ्या अक्षरांत. पहिलं नाव, मधलं नाव, ते आडनाव, मग तारखा. कडेपासून कडेपर्यंत. खाली बोटभरही जागा नव्हती.

लेक त्याच्यासमोर उभी राहिली. मग दगडाच्या मागे जाऊन पाहून आली, जणू तिथे काही असेल. परत आली आणि त्यांना म्हणाली, "मग माझी जागा कुठे आहे?"

त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. "नाही ठेवली, डक."

ती वळली आणि गाडीकडे चालत गेली. दार आपटल्याचा आवाज इथपर्यंत आला. मी तिच्या मागे जाणार होते, पण त्यांना तिथे एकटं सोडवेना. ते दगडाकडेच पाहत होते. आडनाव छान कोरलं होतं कारागिराने, खोल, सरळ.

"थोडे दिवस ती माझा राग करेल," ते म्हणाले.

मी म्हटलं, करेल.

मग त्यांनी विचारलं की तुमच्यात काय करतात. मी सांगितलं, आमच्यात दगड नसतो. अस्थी नदीत सोडतात. कुठे काही लिहिलेलं राहत नाही आणि कोणासाठी जागाही राखावी लागत नाही.

त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "ते सोपं जातं का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मान हलवली आणि टोपी घातली. मी त्यांचा हात धरला, कारण गवत ओलं होतं. गाडीत लेक हीटर लावून बसली होती, रडून झालं होतं तिचं. ते मागे बसले. त्यांचं घर आलं, आणि उतरताना ते तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, पण ठेवला नाही.