सोनारीचा उपास आणि जंताची गोळी

रविवारी सोनारीच्या काळभैरवाला जायचं ठरवलं आणि दर्शन होईपर्यंत काही खायचं नाही, हेही ठरवलं. सकाळी सहाला धाराशिवहून मोटारसायकल काढली. भूमवरून परंडा, तिथून सोनारी. रस्ता बराचसा चांगला, उरलेला कंबरेच्या लक्षात राहणारा. येऊन-जाऊन साडेतीनशेचं पेट्रोल. परंड्यात गरम भजी निघत होती, तिकडं न बघता पुढं गेलो.

माझी चुलतबहीण अनिता त्या भागात आशाताई आहे. ती पुढच्या फाट्यावर भेटली. तिला जंताच्या गोळ्या घेऊन पारधी वस्तीवर जायचं होतं. "दादा, वाटेतच हाय, सोडा की," म्हणाली. वाटेत सांगत होती, वस्तीवर नळ नाही, संडास अर्धवट बांधलेले, पोरं अनवाणी. जंत होणारच.

मी म्हणालो, "आम्ही शेतातलं गाजर पँटीला पुसून खातो. आम्हाला कुठं काय होतं?"



वस्तीवरच्या पोरांनी गोळ्या चावल्या. राहिली सात वर्षांची पिंकी. चेहरा पांढुरका, पोट सारखं दुखतं, म्हणून शाळा बुडते. पण तिची आजी शेवंताबाई ऐकेना.

"मागल्या साली गोळी खाऊन लई वकली. आता न्हाय."

"जंत जास्त असले की होतं तसं," अनिता म्हणाली.

"मग आणणाऱ्यानं आदी खावं."

"मी खाते की."

"तू दवाखान्याची, तुला सवय आसंल. हे पाव्हणं खाऊ देत."

"आजी, माझा भैरवनाथाचा उपास आहे."

आजीनं हात जोडले. "मग तर झालं. उपासाचा माणूस खोटं करायचा न्हाय. खावा."

पिंकी माझ्याकडंच बघत होती. मनात देवाची माफी मागून मी गोळी चावली. लगेच आजीनं भाकरी आणि ठेचा पुढं केला, "रिकाम्या पोटी नगं." उपास मोडलाच होता, दोन भाकरी खाल्ल्या. मग अर्धा तास अख्खी वस्ती माझ्या तोंडाकडं बघत बसली. मी ओकलो नाही. तेव्हा कुठं पिंकीनं गोळी चावली.

सोनारीत देवाला सगळं सांगितलं. बाहेर माकडानं हातातला नारळ नेला, ती शिक्षा समजलो. तुम्ही जाल तेव्हा नारळ पिशवीत ठेवा.

तिसऱ्या दिवशी अनिताचा फोन आला. "पिंकीचे जंत पडले. वकली न्हाय. आज शाळेत गेली. तुमचं काय?"

"रस्ता बरा होता," मी म्हणालो.

"दादा."

"दोन."

पलीकडं ती बराच वेळ हसत होती.

देवानं माझा उपास कुणासाठी मोडवला, पिंकीसाठी की माझ्यासाठी, हे अजून ठरत नाही. गाजर मात्र धुऊन खातो.