डाव्या हाताला पुढचा ब्रेक

रविवारी सकाळी सावेडीतल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात मी तक्रार घेऊन गेलो... आणि एक प्रश्न घेऊन परतलो.

माझी पत्नी सुनंदा हिचे निधन होऊन सात महिने झाले. तिची सायक्लोक्रॉस सायकल, म्हणजे वळलेल्या हँडलची पण माळावर, चिखलात चालवायची, तेव्हापासून पोर्चमध्ये उभी होती. ती दर रविवारी ज्या वाटेने जाई, त्या वाटेने एकदा तरी जावे असे मनाने घेतले.

पहिल्याच उतारावर मी सवयीप्रमाणे डावा ब्रेक दाबला... पुढचे चाक जागीच थांबले आणि मी रस्त्यावर! आपल्याकडे डावा ब्रेक मागच्या चाकाचा असतो. येथे सर्व उलटे जोडलेले होते.

दुकानाचे मालक, तिसगावचे भाऊसाहेब, यांना मी चांगलेच सुनावले. त्यांनी शांतपणे हात पुसले. "चूक न्हाई सर. मॅडमनी समोर उभं राहून जोडून घेतलंय."

माळावर बांध आडवा आला की चालत्या सायकलीवरून उतरून ती उचलावी लागते. ज्या अंगाने उतरायचे त्या अंगाचा हात हँडलवर राहतो, दुसरा दांडीवर जातो. हँडलवर उरलेल्या हाताला मागचाच ब्रेक हवा, नाहीतर सायकल उलटते. त्यांनी हे दोनदा करून दाखवले, तरी मला अर्धेच समजले.

"आता सांगा, मॅडम कुठल्या अंगानं उतरायच्या?"

"डावीकडून. सगळेच डावीकडून उतरतात."

"सगळ्यांचं ऱ्हाऊ द्या. मॅडमना बघितलंय का तुमी?"

बत्तीस वर्षांचा संसार... आणि मला आठवेना.

"बदलून देऊ का? लई वेळ न्हाई लागत." मी सायकल तशीच हातात धरून घरी आलो.

आमचा पोर्च अरुंद आहे. सायकल सरळ आत घ्यायची आणि डावीकडच्या भिंतीला टेकवायची. मी सवयीने डाव्या बाजूला होतो, त्यामुळे सायकल आणि भिंत यांच्यामध्ये मीच अडकलो! कोपराशेजारी भिंतीवर हँडल घासून पडलेला काळा डाग होता. त्या डागावरून मी तिला किती वेळा बोललो होतो... म्हणजे सायकल आत आणताना ती उजव्या बाजूला असे; ती दर वेळी उजवीकडून उतरत होती. खिडकीतून मी फक्त भिंत पाहत होतो.

ब्रेक तसेच ठेवले आहेत, भिंतही रंगवणार नाही. या वयात उजवीकडून उतरायला शिकतो आहे; अजून पाय अडखळतो.

ती उजवीकडूनच का उतरत असे, हे मात्र कोणाला विचारावे, समजत नाही...